हेब्बाळच्या मळ्यातले चार खून

माझ्या एकुलत्या एका नणंदेचं लग्न मी चार खून करून जवळजवळ मोडलं होतं.

हे खून मी दुपारची जेवणं उरकल्यावर, सासूबाईंच्या शेजारी बसून, अवरेकाळू सोलता सोलता केले. (अवरेकाळू म्हणजे आपले पावटेच. पण हे बंगलोरमध्ये मोठ्यानं म्हणू नये, माणसं दुखावतात.) थंडीत त्यांचा हंगाम आला की बसवनगुडीतल्या आमच्या घरात दुसरं काही शिजतच नसे. भिजवलेला एकेक दाणा चिमटीत धरायचा, दाबायचा आणि सालातून सुळकन परातीत उडवायचा. या कामाला हात लागतात, डोळे लागत नाहीत. त्या वर्षी सासूबाईंचं नेमकं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर हिरवी पट्टी, टीव्ही बंद, वाचन बंद, वाकणं बंद. बोलणं तेवढं बंद करायला डॉक्टर विसरले होते.

सासूबाईंना सगळे अक्का म्हणत आणि सासऱ्यांना अण्णा. कैक पिढ्यांपूर्वी घोड्यांवरून इकडे आलेलं हे मराठी घराणं. घोडे गेले, मराठी राहिली, आणि तिच्यात निम्मी कन्नड मुरली. मी मात्र पुण्याहून नुकतीच आलेली सून. नवरा सतीश दिवसभर कारखान्यात, नणंद रेखा बँकेत. मग मी दिवसभर काय करणार? जयनगरच्या एका लायब्ररीतून इंग्रजी पुस्तकं आणून वाचायची.

पुस्तकं दोनच प्रकारची. एक, घरगुती खुनांची. म्हणजे सभ्य माणसांनी सभ्य माणसांचे, चहाच्या वेळी, गालिचा खराब न करता केलेले खून. दुसरी प्रेमाची. त्यात शहरातली नाजूक मुलगी, चिखलाचे बूट घातलेला तुसडा शेतकरी आणि पावसात बंद पडलेली गाडी. अट एकच, गोष्ट शेतावर घडली पाहिजे! माझं बालपण पुण्यात दोन खोल्यांत गेलं. शेतीशी माझा संबंध कुंडीतल्या ओव्यापुरता. त्यामुळे असेल, पण नुसतं गवताच्या गंजीचं वर्णन आलं तरी मी विरघळायची. लायब्ररीवाल्याला हे ठाऊक झालं होतं. मुखपृष्ठावर गाय दिसली की तो पुस्तक माझ्यासाठी बाजूला काढून ठेवी.

"एवढं काय वाचतेस गं मंजू?" एके दुपारी अक्कांनी विचारलं. "मलाही सांग की स्वल्प."

मी सांगायला बसले. पण इंग्रजी नावं अक्कांच्या पचनी पडेनात. "ही कुणाची कोण? माहेर कुठलं तिचं?" असं त्या दर वाक्याला विचारत. शेवटी मी नावंच काढून टाकली आणि म्हटलं, "एका मळ्यात ना अक्का, एक आत्या होती."

"कुठल्या मळ्यात?"

"हेब्बाळच्या."

हेब्बाळच का? तर एकदा सतीशच्या स्कूटरवरून तिकडच्या तलावावरून जाताना मी एक घर पाहिलं होतं. लाल कौलं, दारात प्रचंड चिंच, शेजारी द्राक्षांचे मांडव आणि ओट्यावर झोपलेलं पांढरं कुत्रं. साऱ्या बंगलोरमध्ये मी जवळून पाहिलेला मळा तेवढाच. मग माझ्या सगळ्या गोष्टी तिथंच घडू लागल्या. कौलं, चिंच, मांडव, कुत्रं, सगळं मी जसंच्या तसं उचललं.

पहिल्या पुस्तकात आत्यानं जमिनीसाठी म्हाताऱ्या काकांना मुरांब्यातून विष घातलं. अक्कांचा हात परातीवर थांबला. "अय्यो देवा! सख्ख्या भावाला?"

"सख्ख्या! आणि वर स्वतःच रडली सगळ्यांत जास्त."

दुसऱ्या पुस्तकात तुसड्या शेतकऱ्यानं नर्सशी लग्न केलं. "हे त्याच मळ्यातलं का गं?" अक्कांनी विचारलं.

"हो, हो, मळ्यातलंच," मी म्हटलं. मला वाटलं, नवा मळा उभारायचे कष्ट वाचले.

इथं चुकलं. कारण पुस्तकं संपत गेली, मळा तोच राहिला. गवताच्या गंजीत मुनीम सापडला. विहिरीत शेजारी सापडला. गुरांचा डॉक्टर तर खुनी कोण ते सांगायला तोंड उघडत होता आणि तेवढ्यात गेला. (ते नेहमी तेवढ्यातच जातात.) मध्ये मध्ये तो तुसडा मळेवाला लग्नं करत होता. नर्सशी झालं, मास्तरणीशी झालं, चित्रं काढणाऱ्या बाईशी झालं, बकरीवाल्या विधवेशी झालं. पाचवी पुस्तकात लंडनहून आली होती. मी तिला म्हैसूरहून आणली.

"मग त्या नर्सचं काय झालं?" अक्का विचारत.

"ती गोष्ट संपली, अक्का. आता ही मास्तरीण."

"सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, असं अक्का म्हणत आणि बराच वेळ गप्प बसत. मला वाटे, काय रंगल्यात!

अक्काही मला गोष्टी सांगत. त्यांच्या गोष्टी लहान आणि साध्या. "एका घरी काल सारात मीठ जास्त पडलं म्हणे."

"अगबाई! मग?"

"मग काय, सासऱ्यांनी पाणी पिऊन दिवस काढला बिचाऱ्यांनी."

मी हळहळायची. कधी म्हणत, "एका घरची सून उन्हं अंगावर आल्याशिवाय उठत नाही म्हणे."

"कमाल आहे! आणि सासू काही बोलत नाही?"

"नाही बोलत गं. चांगल्या घरची आहे ती."

मला त्या सासूचं फार कौतुक वाटे. पुण्यात असं असतं तर तोंडावर सांगितलं असतं, चार शेजाऱ्यांदेखत! त्या बिचाऱ्या घरात रोज नवं काहीतरी होई. दूध उतू जाई, गॅस चालू राही, सून पुस्तकात डोकं घालून बसे. अशी माणसं असतात तरी कशी, असा मला प्रश्न पडे.

अशात एका रविवारी अण्णा समाजाच्या कार्यक्रमाहून आले ते खुशीत. "रेखासाठी स्थळ आहे. आपल्यातलेच. मुलगा शेतकी शिकलाय, घरचा मळा पाहतो, मोहन नाव. आई-वडील नाहीत. आत्यानं वाढवलंय."

"कुठं?" अक्कांनी विचारलं.

"हेब्बाळला. द्राक्षांचा मळा."

अक्कांच्या हातून अवरेकाईची शेंग गळून पडली. मी मात्र कान टवकारून रेखाकडे पाहत होते. रेखानं तोवर डझनभर इंजिनियर नाकारले होते. कुणी फार बोलतो, कुणी बोलतच नाही, कुणाच्या शर्टाला खिसे फार. अक्कांच्या जिवाला तिच्या लग्नाचा घोर लागला होता, आणि रेखाला कुणी काही विचारलं की ती दार लावून बसे. आता ती काय म्हणते?

"बूट घालतो का?" रेखानं विचारलं.

"कोण?"

"तो. मळ्यात. चिखलाचे."

"घालत असेल की! शेतकरी माणूस आहे," अण्णा गोंधळून म्हणाले.

"मग बघू," रेखा म्हणाली आणि लाजली! रेखा! (सुट्टीच्या दिवशी ही बया दाराआडून माझ्या गोष्टी ऐकत होती हे मला नंतर कळलं. खून सोडून देत होती, लग्नं तेवढी ठेवत होती.)

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का फार हळू आवाजात म्हणाल्या, "मंजू, तू सांगतेस तसल्या मळ्यात कुणी आपली मुलगी द्यावी का गं?"

मी पुस्तकातल्याच मळ्यात होते. "छे! तिथं कोण मुलगी देईल अक्का? तिथं गेलेली बाई पुन्हा दिसत नाही!"

अक्कांनी माझा हात घट्ट धरला. हिरवी पट्टी जाऊन आता काळा चष्मा आला होता, त्यामुळे डोळे दिसले नाहीत. पण त्या म्हणाल्या, "किती चांगल्या रीतीनं सांगितलंस. पुण्याची असून!"

माझ्या कथनशैलीचं कौतुक झालं म्हणून मी दोन दिवस हवेत होते.

मुलगी दाखवण्याआधी वडीलधाऱ्यांनी मुलाचं घर पाहून यायचं, अशी आमच्याकडे रीत. रेखा हट्टानं बरोबर आली. "याच्याशी नाही झालं तर मी कुणाशीच करणार नाही," असं तिनं मुलगा पाहण्याआधीच जाहीर केलं होतं. अण्णांच्या जुन्या फियाटमध्ये आम्ही पाच जण कोंबून बसलो. अक्कांनी बरोबर पाण्याचा कूजा घेतला, चित्रान्नाचा डबा घेतला. अण्णांनी छत्री घेतली. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

"छत्री कशाला, अण्णा?" सतीशनं विचारलं.

"असू दे," अण्णा म्हणाले आणि छत्रीचं टोक चाचपून पाहिलं.

गाडी तलावावरून वळली आणि थांबली. मी खाली उतरले आणि जागच्या जागी खिळले. लाल कौलं. दारात प्रचंड चिंच. शेजारी द्राक्षांचे मांडव. ओट्यावर पांढरं कुत्रं!

"अगबाई!" माझ्या तोंडून निघालं. "हेच ते!"

अक्कांनी माझा दंड आवळला. "ओळखलंस ना?"

"अगदी तेच घर आहे, अक्का!"

अक्का पांढऱ्याफटक पडल्या आणि अण्णांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

मांडवाखालून मोहन आला. उंच, काळासावळा, गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट, आणि डाव्या पायानं किंचित लंगडत. "शिडीवरून पडलो परवा," तो संकोचून म्हणाला. माझ्या प्रेमकथांतला निम्मा तरी शेतकरी लंगडत असे! रेखाचा चेहरा असा झाला की मला दुसरीकडे पाहावं लागलं.

"बन्नी, बन्नी, आत या!" आत्याबाई दारात आल्या. गोल चेहरा, पांढरे केस, कानात लखलखीत कुड्या. पुस्तकातल्या खुनी आत्याचं वर्णन सांगताना मी नेमकं हेच सांगितलं होतं! (पुस्तकात केस करडे होते. पांढरे मी केले.) आपण पुस्तकं वाचतोय की पुस्तकं आपल्याला वाचताहेत, असं वाटायला लागलं.

बैठकीत अण्णांनी चौकशी सुरू केली. सहसा ते पगार, गोत्र, पत्रिका विचारत. आज म्हणाले, "तुमची विहीर कुठंय?"

"मागं आहे. का?"

"साफ करता का कधी?"

"दर उन्हाळ्यात."

"त्यात कधी काही... सापडतं?"

"बादल्या," मोहन म्हणाला.

अण्णांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी मान हलवली. सतीश मला कोपरानं ढोसून कुजबुजला, "यांना झालंय काय?" मला काय ठाऊक! मला वाटलं, जुन्या घराण्यांत घर पाहतात ते असंच पाहत असतील.

तेवढ्यात आत्याबाई ताट घेऊन आल्या. गरम उप्पिट, आणि काचेच्या वाट्यांतून गडद जांभळा, चकाकता मुरांबा. "आमच्या द्राक्षांचा. मीच करते. याची कृती मी कुणाला सांगत नाही!" त्या अभिमानानं म्हणाल्या.

"माझा उपास आहे!" अक्का किंचाळल्या.

"माझाही!" अण्णा म्हणाले.

"आज? आज कसला?" आत्याबाईंनी विचारलं.

"आमच्या घरचा वेगळा असतो," अक्का म्हणाल्या. आणि त्याच क्षणी त्यांना दिसलं की सतीशनं चमचाभर मुरांबा तोंडापाशी नेलाय. वाकू नका, झटका बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेली ती बाई खुर्चीवरून उडाली! चमचा एकीकडे, वाटी दुसरीकडे, मुरांबा सतीशच्या पांढऱ्या पँटवर आणि उरलेला फरशीवर.

कुणी काही बोलायच्या आत पांढरं कुत्रं आत आलं, त्यानं फरशीवरचा मुरांबा चाटून साफ केला, आमच्याकडे एकवार पाहिलं आणि धपकन आडवं पडलं.

"मेलं!" अक्का ओरडल्या. अण्णा छत्री उगारून उभे राहिले.

"अहो, झोपलंय ते," मोहन म्हणाला. "खाल्लं की झोपतं. त्याला दुसरा उद्योग नाही."

पण अक्का आता थांबणाऱ्या नव्हत्या. चार पिढ्यांत आमच्या घरात कुणी कुणाला तोंडावर काही बोललं नव्हतं. ते त्या दिवशी अक्कांनी, काळा चष्मा लावून, मोहनसमोर बोट नाचवत, एका दमात बोलून टाकलं. "तुमच्या पाच बायका कुठं आहेत ते आधी सांगा! ती नर्स कुठंय? मास्तरीण कुठंय? म्हैसूरची पोर कुठंय? आणि बाई, तुम्ही! सख्ख्या भावाला मुरांब्यातून विष घालताना हात थरथरला नाही तुमचा?"

मोहनचं तोंड उघडं पडलं. आत्याबाईंच्या हातातलं ताट वाजू लागलं. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती माझी त्या हेब्बाळच्या मळ्यात सरकली.

"अक्का!" मी ओरडले. "अहो, ती पुस्तकं होती! लायब्ररीतली!"

"असू देत की. पुस्तकाच्या आडून सांगितलंस, कळलं मला. मी काय दुधखुळी आहे?"

"आडून नाही हो! खरंच पुस्तकं! वेगवेगळी! नऊ! मळा तेवढा एकच ठेवला मी!"

"मग 'एका मळ्यात' असं का म्हणालीस?" अक्का चक्रावल्या. "आपल्यात कुणाचं वाईट सांगायचं तर असंच सांगतात की. एका घरी असं झालं, एका घरी तसं झालं. ज्याला कळायचं त्याला कळतं."

मग मी फार हळू विचारलं, "अक्का... ते सारातलं मीठ?"

"तुझंच की."

"उन्हं अंगावर येईपर्यंत उठत नाही ती सून?"

"तूच."

"आणि ते दूध? गॅस? सगळं?"

"सगळं," अक्का म्हणाल्या.

चार खुनांचा धक्का मी पचवला होता. हा नाही पचला. इतके दिवस मी ज्या घराची कीव करत होते, ते घर माझं होतं!

इकडे आत्याबाई ताट ठेवून उठल्या. चेहरा दगडासारखा. "आमच्या पोराला आम्ही असं वाढवलं नाही. तुम्ही निघालात तरी चालेल," त्या म्हणाल्या. संपलं, मला वाटलं. रेखाचा एकच होकार, आणि तो मी गंजीत गाडला. मला खरंच रडू आलं.

तेव्हा रेखा उठली. कुणाकडे न बघता तिनं ताटातली एक वाटी घेतली आणि मुरांबा चमच्यानं खायला लागली. सावकाश, चाटूनपुसून, शेवटच्या थेंबापर्यंत. अक्कांनी पदर तोंडात धरला. रेखानं वाटी खाली ठेवली आणि मोहनकडे पाहून म्हणाली, "फार छान झालाय."

मोहन लाल झाला. "अजून आणू?" त्यानं विचारलं.

"आणा."

एवढंच झालं. पण त्या खोलीतल्या सगळ्यांना कळलं की लग्न ठरलंय. अण्णांनी छत्री कोपऱ्यात ठेवली. आत्याबाई दारापर्यंत गेलेल्या थबकल्या, पुतण्याकडे पाहत राहिल्या, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"काय गं," त्या अजून घुश्शातच म्हणाल्या, "त्या आत्यानं विष घातलं, मग ती पकडली कशी गेली?"

"ब... बरणीवरून. तिनं बरणी फडताळातच ठेवली होती."

"फडताळात? विषाची बरणी कुणी फडताळात ठेवतं? विहिरीत नाही का टाकायची?" आत्याबाई खुर्ची ओढून बसल्या. "मूर्ख बाई! नीट सांग, पहिल्यापासून."

"तेच मी म्हणत होते की!" अक्का म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. उप्पिट पुन्हा गरम करून आलं. कुणाचाच उपास उरला नव्हता.

वैशाखात लग्न झालं. विहिणी-विहिणींची अशी गट्टी जमली की आठवड्याला एकदा तरी मला मधे बसवून नवं पुस्तक सांगायला लावत. खुनी कोण ते दोघी माझ्याआधी ओळखत. ("कारण तू पुढे काय होणार ते तोंडावर दाखवतेस गं," असं अक्का म्हणत. हो, आता त्या मला तोंडावर बोलायला लागल्या होत्या.)

मी मात्र त्या घरची रीत शिकायची ठरवली होती. पुढच्या थंडीत, पुन्हा अवरेकाळूची परात मांडून बसलो असताना, मला अक्कांना एक बातमी सांगायची होती. सतीशला कालच सांगितलेली, दुसऱ्या कुणालाच नाही. पुण्याच्या मुलीसारखं धाडकन बोलायचं नाही, घरंदाजपणे सांगायचं, असं मी मनाशी घोकलं. मान खाली घातली, एक दाणा सालातून हळूच सोडवला आणि लाजत लाजत म्हटलं, "अक्का, एका घरी ना... सुनेला दिवस गेलेत म्हणे."

अक्कांनी दाणा परातीत उडवला, पाय सैल सोडले आणि आरामात भिंतीला टेकून बसल्या.

"सरी," त्या म्हणाल्या. "आणि मरतं कोण?"